हार घातलेला फोटो

हर्सूल, औरंगाबाद
१७ फेब्रुवारी १९९६

चि. काकासाहेबास,
द्वारकाताईचे आशीर्वाद. इकडं सगळं ठीक. तुझी मसाल्याची गिरणी जोरात चालली असेल.

तुझं पत्र पोचलं. आधीच्या माणसाचं जमलं नाही, आता चांगला जाहिरात लिहिणारा हवा, पण नोकरीवर नको, कामापुरता, असं लिहिलंस. मी इतकी वर्षं घरी बसून लोकांच्या जाहिराती लिहिते, म्हणून सांगते. मला मात्र हे काम सांगू नकोस.

कात्रणांच्या फायलीला भुलू नकोस. फाईल सगळ्यांचीच भारी असते. लिहिण्याआधी कुणाकुणाला भेटलास, ते त्याला विचार. मग त्याला लासूर स्टेशनला गिरणीवर बोलव. शिंकत का होईना, बसू दे, गिऱ्हाइकांशी बोलू दे. प्रश्नांनी तुझं डोकं खाल्लं तर समज, माणूस कामाचा. नुसतंच ‘हो मालक, उद्या देतो’ म्हणाला, तर चहा पाजून वाटेला लाव. आधी लहान काम दे, पण फुकटात नमुना मागू नकोस. दुरुस्त्या किती वेळा करायच्या तेही आधीच ठरव. आणि छापायच्या आधी स्वतः वाच, मुनीमाच्या भरवशावर राहू नकोस.

बाकी इकडची बातमी. गेल्या सोमवारी तुझी जाहिरात पेपरात आली. मायचा फोटो, फोटोला चंदनाचा हार, खाली ‘सरूबाईंच्या आठवणीतली चव’. तुझ्या त्या माणसानं म्हातारीचा फोटो पाहिला आणि ती गेलीच असं धरून चालला. त्यानं विचारलं नाही. तू तरी कुठं सांगितलंस?

दुपारी मनकर्णामावशी रडतच आली. फाटकापासूनच ‘गेली गं माझी अक्का!’ म्हणून हंबरडा. दार मायनंच उघडलं. ‘कोण गेलं गं?’ मावशी मटकन खालीच बसली. मग दोघी बहिणी हसत सुटल्या, मीही हसले. संध्याकाळपर्यंत माणसं येत राहिली. माय प्रत्येकाला ‘हाय की मी अजून’ म्हणत चहा देत होती.

सगळे आले, तू नाही आलास. ती जिवंत आहे हे तुला माहीत होतं, म्हणून तुला बोल लावता येत नाही. पण मला लई राग आला. तिला इथं आणून सोडलंस, तेव्हापासून दिवाळीलासुद्धा तुला हर्सूलची वाट सापडली नाही.

पडेगावच्या मुनिराला हे काम दे, तीही जाहिराती लिहिते. मी तिच्या कानावर घातलं, तर म्हणाली, ‘पहले अम्मासे मिलती, बाद में लिखती.’ काल येऊन दुपारभर मायजवळ बसली, मसाल्याचं विचारत होती. माय सगळा वेळ तुझंच सांगत होती.

मुनिरा गेल्यावर मायनं तो पेपर मागून घेतला आणि चष्मा लावून बराच वेळ पाहत बसली. ‘फोटो चांगला आलाय,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘काक्याला लिही, हार त्यानं घातलाय, काढायला बी त्यानंच यावं म्हणावं.’

पेपर तिनं उशाखाली ठेवलाय. ये.

तुझी,
द्वारकाताई