पक्का पासवर्ड

बाबा, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम टाकायला घेतली. जुनीवर हल्ली बँकेचं पानही उघडेना, म्हणून रविवारी दुपारी मनीषनगरातल्या दुकानातून मेकॅनिकला घरी बोलावलं. त्याने काम सुरू केलं न केलं, तोच स्क्रीनवर तुमचं खातं आलं आणि पासवर्ड मागू लागलं. "नसेल तर फॉरमॅट मारा लागते मॅडम," तो म्हणाला, "मग जुनं सगळं साफ." किती सहज म्हणाला मेला! त्यात तुम्ही काढलेले लुगड्यांचे काठ आहेत. उमरेडचा हातमाग विकून तुम्ही कारकुनी धरलीत, पण संध्याकाळी ऑफिसातून आलात की चहा बाजूला ठेवून स्क्रीनवर चौकटी रंगवत बसायचात, एक चौकट म्हणजे एक धागा, आणि मी मध्ये लुडबुडले की म्हणायचात, "थांब वं, धागा तुटते." तसले काठ आता कुठल्याच लुगड्यावर दिसत नाहीत. आणि मी मूर्ख, त्यांची दुसरी कॉपी कधी काढलीच नाही.

तुमचं नाव टाकलं, आईचं, माझं, गावाचंही टाकून पाहिलं. दर वेळी चूक. पुन्हा चुकलात तर खातं बंद होईल, असं खाली आलं आणि मी आईला जोरात हाक मारली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काहून इतकी घाबरून राहिली वं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत हाय तो. पण सांगता येत नाही."

तुमचं घरचं नाव होतं म्हणे ते, आजी मागावरून हाक मारायची ते. तशी हाक मारणारे सगळे माझ्या जन्माआधीच गेले, माझ्या कानावर ते कधी आलंच नाही. आणि तुम्ही आईला हसत सांगून ठेवलेलं, "पक्का पासवर्ड हाय, तू काही कोणाले सांगत नाही!" काय ही थट्टा, बाबा! लग्नातल्या उखाण्यानंतर तिने तुमचं साधं नावसुद्धा घेतलं नाही, दवाखान्यात विचारलं तरी मला पुढे करायची.

"बरं, लिहून दे," मी म्हटलं.

"लिहिलं काय अन् घेतलं काय, एकच हाय."

मग मी ओरडलेच. "आई, सगळं जाईल ना त्यांचं! काहीच उरणार नाही!" मेकॅनिक बिचारा उठून गॅलरीत गेला. आईने डोक्यावरून पदर घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि नाव घेतलं. इवलंसं नाव, लाडाचं.

खातं उघडलं. काठ सगळे मिळाले, पेनड्राइव्हवर घेतले, नवी सिस्टीमही सुरळीत लागली.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगून टाकते. आईने घेतलेलं नाव मला पहिल्या वेळीच स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "आई वं, ऐकू नाही आलं, पुन्हा घे."