भिंतीपाशी दोन पायऱ्या

सोम., ३ नोव्हें.
तळोज्याला, साइटवर. नवं ॲसिड युनिट आमच्या कंपनीचं, जागा आमची आणि आम्हीच तिथे पाहुणे. टर्नकी करार! परदेशी कंत्राटदार सगळं बांधणार, शेवटी चावी आमच्या हातात देणार, तोवर आम्ही हाताची घडी तोंडावर बोट. सेफ्टी ऑफिसर म्हणून आज टाकी पाहिली. सांडलेलं ॲसिड बाहेर जाऊ नये म्हणून भोवती मांडीएवढी भिंत. पंप भिंतीच्या आत, डोळे धुवायचा शॉवर बाहेर. ओलांडायच्या पायऱ्या पार पलीकडच्या टोकाला. म्हणजे डोळ्यांत ॲसिड उडालं की माणसाने आंधळेपणी आधी भिंत चढायची. करारात पंप ते शॉवर अंतर लिहिलंय, तेवढं बरोबर भरतं. भिंतीबद्दल कोणी लिहिलेलंच नाही. डोकं फिरलं.

गुरु., ६
बेलापूर ऑफिस. सावंत साहेबांना (प्रोजेक्ट हेड) सांगितलं, शॉवरसमोर दोन पायऱ्या हव्यात, कंत्राटदाराला पत्र टाकते. एकदम नाही म्हणाले. कंत्राटदाराला उशीर झालाय, दंड डोक्यावर आहे, निमित्तच शोधतायत. आपण एक ओळ लिहिली की तो 'बदल' ठरला. मुदतवाढ त्यांना, उशीर आपल्या गळ्यात. म्हटलं, पायऱ्याच आहेत हो. "पायरी असो की अख्खा प्लांट, कलम तेच. मान पण हलवायची नाही तिथे." जगभर हाच छापील करार चालतो म्हणे. चालत असेल. शॉवर कुठे बसवतात जगभर, तेही बघायला हवं.

मंगळ., ११
आज डोकं चालवलं. ऑपरेटरांचं ट्रेनिंग होतं, मार्को, कंत्राटदाराचा साइट मॅनेजर, हजर. म्हटलं, ड्रिल घेऊ. म्हात्रे आमचे जुने ऑपरेटर, हा पंप त्यांच्याच शिफ्टला येणार. त्यांना डोळे मिटून शॉवरपर्यंत जायला सांगितलं. नडगी आपटली, भिंतीवर आडवेच झाले. वाटलं, आता तरी मार्को स्वतःहून पायऱ्या बसवेल... मार्कोने पाहिलं. सगळं समजलं त्याला. गोड हसून विचारतो, ही सूचना आहे का मॅडम? लिहून द्या, लगेच करतो. मेल्याच्या कानाखाली दोन द्याव्याशा वाटल्या. म्हटलं, नाही, सूचना नाही. माझ्याच तोंडाने!

म्हात्रे नडगी चोळत म्हणाले, "मॅडम, यो प्लांट आपला हाय का त्यांचा?"

त्यांना आयोडेक्स आणून दिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

शनि., १५
पुन्हा सावंत साहेब. विचारलं, ताबा मिळाल्यावर आपणच बसवू का पायऱ्या? तेही नाही. गॅरंटीचं वर्षभर कशाला हात लावायचा नाही, लावला तर पुढे काहीही बिघडो, ते आपल्याकडे बोट दाखवणार. मग वर्षभर काय करायचं? "ऑपरेटरांना सांगा, जपून काम करा." केबिनबाहेर आले आणि रडू आलं. रागाने. टाकीत ॲसिड पुढच्या आठवड्यात भरणार. म्हात्रेंची पहिलीच शिफ्ट.

मंगळ., १८
सकाळी मार्कोला मेल टाकली. दोन ओळी. शॉवरसमोर पायऱ्या बसवा, ही आमच्या कंपनीची सूचना समजावी. सावंत साहेब सीसीमध्ये. चहा यायच्या आत उत्तर: आभार, सूचना नोंदवली, मुदतवाढीचा अर्ज सोबत. अर्ज लिहूनच ठेवला असणार. आणि 'लगेच करतो' कसलं! मुदतवाढ मंजूर झाल्याशिवाय वेल्डर हलणार नाही म्हणे.

दुपारी म्हात्रेंचा फोन, बसनार का पायऱ्या. म्हटलं, लिहून दिलंय, पुढचं माहीत नाही.

सावंत साहेब ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, ही सूचना कंपनीची की तुमची? उद्या दहाला बेलापूरला बोलावलंय. लॅपटॉप घेऊन यायला सांगितलंय. चार्जरसकट.