डब्यातले मोबाईल

६ नोव्हेंबर २०२२, रविवार. लातूर

डोकं उठलंय! पाच पोरं, पाच मोबाईल आणि "मार, मार, मागून येऊन राहिला!" — दुपारभर त्यांच्या होस्टेलच्या खोलीत हेच शूट केलं. नीटच्या तयारीसाठी आईबापांनी क्लासला घातलीत ही! आमच्या कॉलेजचे शेषेराव सर म्हणतात, "सदफ, गेम खेळणाऱ्यांवर फिल्म करतेस, तर त्यांच्या बाजूनं पण बघ." सरांना काय जातंय सांगायला? त्यांचा भाऊ या गेमपायी नीटला आपटलेला नाही. माझा यासेर नांदेडला घरी पडून आहे आणि अम्मी अजून त्याला हातात ताट देते.

यांचा म्होरक्या सुदर्शन. जळकोटचा, बारावीचा. गोड बोलतो. मला नाही आवडला.

१३ नोव्हेंबर, रविवार

परत लातूर. सुदर्शनच्या कॉटखाली बिस्किटाचा पत्र्याचा डबा, कुलूप लावलेला. म्हटलं, सापडलं! तर म्हणतो कसा, "ताई, रविवारच्या टेस्टला आमच्यात ज्याला सगळ्यात कमी मार्क, त्याचा मोबाईल आठवडाभर डब्यात. मागं मलाच पडले कमी. त्याच आठवड्यात आमची गेमची फायनल होती. तरी ठेवला."

आज सिद्धेश्वरचा आठवडा संपला. सुदर्शननं कुलूप काढून त्याचा मोबाईल त्याला दिला — "घे, खेळ आता!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळं कॅमेऱ्यात आलं.

मला इतका राग आला! यासेरला असं कुणी का भेटलं नाही?

१६ नोव्हेंबर

एडिटिंग. नियमाचं बोलणं ठेवलं तर माझी फिल्मच उरत नाही. काढलं. "घे, खेळ आता" ठेवलं. डबा, मोबाईल, सुदर्शनचं हसू. जबरदस्त दिसतंय!

२१ नोव्हेंबर

कॉलेजात फिल्मला पहिला नंबर! सर मात्र एवढंच म्हणाले, "त्या मुलांना दाखवलीस का?" खवचट माणूस.

२५ नोव्हेंबर

पाहिली त्यांनी. कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवली, ती होस्टेलच्या मालकांपर्यंत गेली. पोरांना खेळायला मोबाईल पुरवतो म्हणून सुदर्शनला खोली सोडायला सांगितलंय. क्लासही त्यांचाच, म्हणजे तोही बंद.

सिद्धेश्वरचा मेसेज — "ताई, तुम्ही आमच्यासंगं जेवलात." जेवले, मग? मी काय मागायला गेले होते? भोगू दे. यासेरनं नाही भोगलं?

२७ नोव्हेंबर, रविवार

सुदर्शनचा फोन. आवाज चढवला नाही, तेच जास्त झोंबलं. "ताई, ते पूर्ण शूटिंग तेवढं पाठवा. मालक म्हणले, नियमाचं बोलणं दाखव, ठेवून घेतो. न्हाईतर बाबा उद्या न्यायला येऊन राहिले."

डिलीट झालं, मी म्हणाले.

झालं नव्हतं. फोन ठेवल्यावर केलं.