मार मी खात नाही

नवेगाव बांध
२ डिसेंबर, सकाळ

प्रिय योगराजदादास,
मंजूचा नमस्कार. धानाची चुरणी आटोपली. आईचे गुडघे कसे आहेत? वहिनीनं पाठवलेली लाखोरीची डाळ पोचली.

भिंतीपलीकडच्या वच्छलानं तुले फोन केला म्हणे, मले नवरा रोज सकाळी बडवते, भिंतीतून धपधप ऐकू येते. तू भांडाले येणार, हेही समजलं. आधी खरं ऐक रे बाप्पा. मार मी खात नाही. मारते मी.

हासू नको. गोंदियाच्या डॉक्टरनं छातीचा फोटो पाहून सांगितलं, तुझ्या भाऊजीले ब्रॉन्किएक्टेसिस आहे. फेफड्यातल्या नळ्या ढिल्या होऊन फुगल्या. कफ आतच साचते, सडते. टीबी नाही, कोणाले लागत नाही. पण जातही नाही, जनमभर सांभाळा लागते. म्हणून उपाशीपोटी हे खाटेवर पालथे पडतात, डोकं खाली, अन् मी हाताची ओंजळ करून पाठ ठोकते. कफ निघाला की दिवस बरा जाते.

वच्छला विचारे, "काऊन वं, मारते का तो?" मी मान खाली घातली. काय सांगू? हे लग्नाचे आचारी. खोकल्याले लोक टीबीच समजतात, मग यांच्या हातचा भात कोण खाईल? "बायकोले मारते म्हणू दे, पण हे नको सांगू," असं यांनीच म्हटलं.

एवढंच लिहून बंद करणार होती. हिंमत होत नव्हती.

दादा, आज कफासंगं रक्त आलं. रुमाल भिजला. रक्त दिसलं की तसेच निघून या, असं डॉक्टरनं बजावलं होतं. हे म्हणतात, "उद्याचं लग्न होऊ दे, कोणाले सांगशील तं माझी शपथ." अन् फोन उशाखाली घेऊन पडले. मले लय भेव लागून राहिलं. माझ्याच हातानं आत काही फुटलं का रे?

शपथ मोडली. शेजारचे इंद्रकुमारभाऊ आज तुमच्या आमगावले येऊन राहिले, त्याईच्या हाती चिठ्ठी देते. वाचली की गाडी घेऊन निघ. अन् भांडतच ये. दारातून शिव्या दे, यांची गचांडी धर, गाडीत कोंब अन् सीधा दवाखान्यात ने. गावाले वाटू दे, बहिणीसाठी आला. हे तुझ्यापुढं नाही बोलणार.

मी रडीन. ते नाटक नसेल, दादा.

तुझ्याच भरवशावर,
मंजू