वर एकच जण चढतो

३ फेब्रुवारी, बागियो

सिंदो हेड कोच! राष्ट्रीय संघाचा!

जेवतानाच जाहीर केलं. बॉक्सिंग महासंघाचे म्हातारे अध्यक्ष भाजलेल्या डुकराचं कुरकुरीत कातडं चावत उठले आणि सिंदोचा हात धरून वर केला, जिंकलेल्या बॉक्सरचा करतात तसा. माझंच नाव येणार म्हणून मी हात पुसून तयार बसलो होतो. दोन वाक्यांचं भाषणही जुळवून ठेवलं होतं. मग त्याच हातांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांपेक्षा जोरात, म्हणजे कुणाला संशय नको.

काय आहे त्याच्याजवळ? वीस वर्षांपूर्वीचं एक कांस्यपदक आणि गोड गळा. अध्यक्षांचा वाढदिवस असला की माईक याच्या हातात. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत गातो मेला! मला गाता येत नाही. मला नुसतं बॉक्सिंग शिकवता येतं — ते कोण बघतो!

रिझालिनला मिंदानाओच्या खेड्यातून इथे आणली ती मी. शाळेत होती तेव्हापासून तिच्यासमोर पॅड धरतोय. माझी मनगटं सुजलेली असतात ती तिच्या डाव्या हुकमुळे. एप्रिलमध्ये बँकॉकला शेवटची पात्रता फेरी. ती जिंकून ऑलिंपिकला गेली तर कोच म्हणून मिरवणार कोण? सिंदो.

शिवाय माझ्या पोराचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता आहे तो. त्या नात्याने मला 'पारे' म्हणतो. मिठी मारून म्हणाला, "पारे, तू आहेस म्हणून मला काळजी नाही." नसणारच! काम मी करणार ना.

४ फेब्रुवारी

पहाटे धावायला निघालो तर हा पुढे. गळ्यात शिटी. नवी शिटी.

१५ फेब्रुवारी, सेबू

सरावाच्या लढती. दोन फेऱ्यांमधल्या मिनिटात रिंगमध्ये एकालाच चढता येतं. दुसऱ्याने खाली बादलीजवळ बसायचं. आधीचे हेड कोच चढायचे तेव्हा मला कधी काही वाटलं नाही. त्यांचं वय होतं, मान होता. आज सिंदो चढला आणि मला ती बादली नको झाली.

रिझालिन स्टुलावर बसली. हा तिच्यासमोर उकिडवा. बडबड, बडबड! आणि ती त्याच्या खांद्यावरून खाली माझ्याकडे बघतेय. पाणी हवं असेल म्हणून बाटली उंच केली. तिने मान हलवली — नको. तरी बघतेच आहे. माझे हात मोकळे असले की आपोआप चालतात. डावा, डावा, वाकून उजवा. बसल्या बसल्या हवेतच. जुनी खोड आहे. लढत संपल्यावर सिंदो हसून म्हणाला, "पारे, खाली बसून पीठ मळत होतास काय?"

जिंकली. मिठी मात्र सिंदोला, कारण वर तोच होता.

१६ फेब्रुवारी

पेपरात फोटो. सिंदो, रिझालिन आणि माझं कोपर.

बायकोला फोन करून सांगितलं. नेनित म्हणाली, "कोपर तरी ओळखू येतंय ना? मग झालं." वर विचारते, सिंदो बारीक झालाय का. हिलाही त्याचीच काळजी!

२४ फेब्रुवारी

मॅडम कोर्देरोंनी भेटायला बोलावलं. इलोइलोला त्यांची हॉटेलं आहेत. मार्चमध्ये महासंघाची निवडणूक आहे, त्यात म्हाताऱ्याविरुद्ध उभ्या राहतायत. कॉफी दिली, केळीच्या पानावर भाजलेला तांदळाचा केक दिला आणि सरळ विषयावर आल्या. मिंदानाओतल्या क्लबांची मतं त्यांना हवीत. ते क्लब माझा शब्द मोडत नाहीत, हेही त्यांना ठाऊक. निवडून आल्या तर हेड कोच मी.

मी केक तोडत बसलो तर म्हणाल्या, "कोच दुल्फो, इतकी वर्षं बादली उचलताय. कंटाळा नाही का हो येत?"

विचार करून सांगतो म्हटलं. विचार लिफ्टमध्येच झाला.

२ मार्च, बागियो

फोन, फोन, फोन. एकेका क्लबवाल्याची जुनी ओळख काढली, पोराबाळांची चौकशी केली, मग हळूच विषय काढला. सिंदोचं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं, पोरींकडे नसतं, असं सांगितलं. खोटं आहे का? अर्धं तरी खरं आहे.

खोलीवर आलो तर उशीवर तेलाची बाटली. सिंदोची आई बोहोलला पाला घालून खोबरेल तेल उकळते, ते. "मनगटांना लाव," असं दारातूनच सांगून गेला. लावलं. आराम पडला. त्याचाही राग आला.

१२ मार्च, मनिला

मॅडम निवडून आल्या! मिंदानाओचे सगळे हात त्यांच्या बाजूने वर गेले. संध्याकाळपर्यंत सिंदोचं पद गेलं आणि मी हेड कोच!

म्हातारे अध्यक्ष गाडीत बसताना इकडेतिकडे बघत होते. सिंदोला शोधत असणार. तो आला, त्यांना हात धरून बसवलं, दार लावलं. मी खांबाआड होतो. आनंदाच्या दिवशीसुद्धा हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर!

१३ मार्च, बागियो

सिंदो सामान आवरत होता. मदतीच्या नावाखाली गेलो. खरं तर त्याचं तोंड कसं झालंय ते बघायचं होतं. तोंड नेहमीसारखंच. जॅकेटची घडी घालत म्हणाला, "मला माहीत होतं रे. तू फोन केलास तेव्हाच दावाओच्या क्लबवाल्याने मला सांगितलं."

मी त्याचे बूट पिशवीत भरत बसलो.

मग म्हणाला, "पारे, एक ऐक. वर चढल्यावर मी नुसता बोलत असतो. त्या मिनिटात ती माझं काही ऐकत नाही. तू चढशील तेव्हा खाली कोणाला बसवणार, ते आधी ठरव."

टोमणाच! जाता जाता मला बादलीवाला म्हणून गेला. शिटी माझ्या खाटेवर ठेवून गेला. मी ती अजून गळ्यात घातलेली नाही.

२० मार्च

मॅडमनी भाचा पाठवला. नाव निको. माझा सहायक म्हणे. कसरत कमी आणि आरशात बघणं जास्त. पॅड धरायला सांगितले तर उलटे घातले.

रिझालिनने विचारलं, "कोच, बँकॉकला खाली हा बसणार?"

म्हटलं, कुणी का बसेना, बादलीच तर धरायचीय. तिने पॅडवर असे ठोसे हाणले की जेवताना काटा धरवेना. निको मला तसा बराच. खालून वर बघून जळणारा तरी कोणी नको.

६ एप्रिल, बँकॉक

उद्याची एक लढत जिंकली की रिझालिन पात्र. नेनितला सांगितलं, टीव्ही लावून बस, या वेळी नुसतं कोपर नाही, अख्खा दिसेन.

शिटी घातली. छान दिसते.

७ एप्रिल

पहिली फेरी गेली. चढलो. एका हातात बाटली, दुसऱ्यात टॉवेल, बोटांत तिचं दातांवर बसवायचं गमशील्ड. बोललो, बोललो. ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

"कोच, जरा सरका ना. खाली दिसत नाही."

सरकलो. खाली निको, मोठ्या पडद्यावर स्वतःला बघत केस सारखे करत होता.

हरलो. सिंदोचा आता हेवा वाटत नाही. सेबूला मोकळ्या हातांनी बादलीजवळ बसला होता, त्या माणसाचा वाटतो.