शून्याचं माप

आदरणीय मामा,

तुमच्या सुतार भाच्याचा, भाचेसुनेचा आणि तिच्या दोन मांजरांचा प्रभूमध्ये सलाम. आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? (खरं सांगा. 'देवाच्या कृपेने बरा' हे तुम्ही दाढ काढली तेव्हाही म्हणाला होतात.)

तुमचं पत्र मिळालं. आमच्याकडे कायमचे राहायला या म्हटलं, तर तुम्ही लिहिलंत की मी आता कोणाच्या उपयोगाचा नाही, उगाच तुमच्या घरात अडगळ कशाला. वाचून राग आला, म्हणून आठ दिवस उत्तर दिलं नाही. शिवाय कामात होतो. शून्य बनवत होतो.

त्याचं असं झालं, भाचेसून चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथ शाळेतल्या मुलांचं नाटक बसवते आहे, जगाच्या उत्पत्तीचं. सूर्य, चंद्र, झाडं, देवमासा (शेपटी हलते, बिजागरी लावली आहे) मी दोन दिवसांत करून दिलं. मग म्हणाली, आता पहिला प्रवेश राहिला, काहीच नव्हतं तो. मी सवयीने विचारलं, किती बाय किती? तिने असं पाहिलं की पेन्सिल मुकाट्याने कानामागे परत ठेवली. काळं कापड लावलं. म्हणाली, हे कापड आहे. कापड काढलं, तर मागे भिंत. मग मीही हट्टाला पेटलो आणि मंडळीचं अख्खं सभागृह रिकामं केलं. बाक, ऑर्गन, घड्याळ, भिंतीतले खिळेसुद्धा उपटले. झाडून घेतलं. तरी वॉर्निशचा वास राहिलाच, आणि मधोमध झाडू घेऊन मी. ती म्हणाली, वास जाईल, पण तुझं काय करायचं? आणि तू गेलास तरी जागा उरतेच की. (शेवटी तो प्रवेशच गाळला. पडदा उघडला की थेट उजेड.)

तीस वर्षं सुतारकी केली, मामा, पण लाकूड आल्याशिवाय साधं स्टूल केलं नाही. देवाकडे लाकूड नव्हतं, वखार नव्हती, गिऱ्हाईकही नव्हतं. त्याचं कशावाचून अडलंही नव्हतं. तरी केलं. पाळक असताना तुम्ही हे वर्षानुवर्षं सांगत होतात आणि मी मागच्या बाकावर बसून छताच्या तुळया मोजत होतो. ते परवा त्या रिकाम्या सभागृहात, झाडूवर हनुवटी टेकून उभा होतो तेव्हा डोक्यात शिरलं. आणि सहा वर्षांचा मी आठवलो. आईबाप गेलेले, अंगात ताप, पायात एकच चप्पल. माझा तुम्हाला काय उपयोग होता? हातोडी धरायला शिकवलीत, तर पहिल्याच दिवशी तुमचाच अंगठा फोडला. तरी ठेवून घेतलंत. त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले होते, ते आज मानतो. फार फार आभार, मामा.

तुमचाच,
भाचा

ता. क. : मुख्य सांगायचं राहिलंच. तुमच्यासाठी खोली काढली आहे. पलंग केला आहे, गुडघ्याला त्रास नको म्हणून दोन इंच उंच. उपयोगाची अट नाही. गुरुवारी न्यायला येतो.

ता. क. २ : गुरुवारी नको, शनिवारी येतो. भाचेसून मागे उभी राहून वाचते आहे आणि म्हणते, सभागृहातले बारा बाक, ऑर्गन आणि घड्याळ कुठे नेऊन ठेवलंस तेही मामांना कळव. तुमच्या खोलीत ठेवलं आहे. तेव्हा खरी अडगळ कशाला म्हणतात ते सध्या तिथे बघायला मिळेल. शुक्रवारपर्यंत सगळं हलवतो. अगदी शून्य नाही करत, पलंग ठेवतो.