उजव्या डोळ्याची नोंद

५ फेब्रुवारी २०१८
आशागडच्या फुग्यांच्या कारखान्यात आज रुजू. सत्तरी उलटल्यावर! काम : सेफ्टी रजिस्टर. कोणाला, कधी, कसं लागलं, सगळं लिहायचं. फॅक्टरी इन्स्पेक्टर ओरडून गेला, म्हणून शेठना माणूस हवा होता. शेठ म्हणाले, "गुरुजी, बोर्डीच्या शाळेत तुमच्या छड्या खाल्ल्या, पण अक्षर एकदम मोती!" संकल्प : एकही ओरखडा नोंदीवाचून सुटणार नाही.

९ फेब्रुवारी
जुन्या नोंदी वाचल्या. "बोट कापले. पट्टी केली." किती रुक्ष! शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा बरं लिहायची. काळजाला भिडल्याशिवाय सेफ्टी येणार कशी? यापुढे प्रत्येक नोंद वृत्तात.

२१ फेब्रुवारी
तीन अपघात. भट्टीशी उमेशचा हात भाजला. "भट्टी"ला "पट्टी" छान जुळलं. उरलेले दोन उद्या. आज प्रेरणा नाही.

६ मार्च, सकाळी
रबराच्या चिकाचं पिंप उघडताना रखमीच्या डोळ्यात अमोनिया उडाला. गॉगल एकच, तो शेठच्या खणात. नवरा बारक्या तिला मोटारसायकलवर घालून डहाणूला घेऊन गेला. मी तत्काळ पेन उचललं.

संध्याकाळी
"उडे थेंब डोळ्यात डाव्या तियेच्या." शुद्ध भुजंगप्रयात! डोळा खरं तर उजवा. पण "उजव्या" घातलं की दोन लघू लागोपाठ येतात, वृत्त लंगडतं. ते पाप माझ्या हातून होणे नाही. शेवटी डोळा तो डोळाच.

२ एप्रिल
रखमीला त्या डोळ्याने आता दिसणार नाही म्हणे. विम्याची भरपाई मिळेल, पण कारखान्याची नोंद हवी. बारक्या म्हणाला, "गुरुजी, आता तुमच्याच हातात हाय." गहिवरलो. सुवाच्य नक्कल काढून दिली.

१९ एप्रिल
विम्याचा साहेब आला. अरसिक. म्हणाला, "आजोबा, दवाखान्याच्या कागदावर उजवा, तुमच्याकडे डावा. बाई एक की दोन?" क्लेम नामंजूर. वृत्ताची अडचण समजावू लागलो, तर तो बूट चढवत होता. शेठ मात्र खूश. म्हणाले, "गुरुजी, असंच लिहीत जा!" चला, एकाला तरी कदर आहे.

२० एप्रिल
रखमीला पूर्ण कडवं चालीवर म्हणून दाखवलं. म्हणाली, "गानं बेस हाय, गुरुजी. पन ही बाय कोन?" बारक्या म्हणाला, कोणता डोळा गेला ते आमच्या बकरीलाही कळतं. जरा लागलं. संकल्प : नोंद दुरुस्त करून देणार. अपिलाला महिनाभर आहे. भरपूर वेळ.

१८ मे
मुदत उद्या संपते. बारक्या सकाळपासून दारात बसून. "दोन ओळी साध्या लिवा ना." साध्या! एवढ्या मोठ्या दुःखाला गद्य? त्याला म्हटलं, घाईनेच अपघात होतात.

३ ऑगस्ट
जमलं! "थेंब उडाला उजव्या डोळा." पादाकुलक, सोळा मात्रा चोख. बारक्या आता माझ्याशी बोलत नाही, म्हणून थेट रखमीकडेच गेलो. ती हल्ली फुगे निवडायला बसते, अर्ध्या रोजावर. मुद्दाम तिच्या उजव्या बाजूला उभा राहिलो. न बोलता वही उघडून पुढे धरली.

बराच वेळ धरून होतो. तिने मान वळवली नाही. कामात तल्लीन असावी.

शेवटी हात खाली घेतला.